घाटात रुसणारी लाल गाडी

तुमच्या आजोबांची लाल गाडी विकायची ठरली होती, एवढं तुम्हाला तुमच्या बाबांकडून कळलं असेल. मग पुढे नेमकं काय झालं, हे मात्र बाबांनाही धड माहीत नाही. त्यांना फोनवर जे सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. ज्यांची परवानगी घ्यायला हवी होती, त्यांची घेतली आहे. त्या म्हणाल्या, "लिहा की वैनी. पोरं हसली तर हसू देत. तिकडं थंडीत त्यांना हसवतंय तरी कोण?"

गाडी तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिली आहे, पण त्यात ती किती बुटकी आहे ते कळत नाही. दोनच माणसांची, छत उघडणारी, परदेशी बनावटीची ही स्पोर्ट्स कार आजोबांनी उन्हाळ्यात पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतली. तिच्यात शिरायचं म्हणजे मला आधी बसावं लागतं आणि मग एकेक पाय आत घ्यावा लागतो. बाहेर पडताना मी आजोबांचा हात धरते आणि आजोबा फाटकाचा गज धरतात. आमच्या गल्लीतला गतिरोधक ती तिरकी होऊन, पोट सावरत ओलांडते.

या वयात असली गाडी कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. मीही विचारलं. आजोबा म्हणाले, "आयुष्यभर धरणांच्या कामावर सरकारी जीपमधून धूळ खाल्ली. आता जरा वारं खातो." दर रविवारी सकाळी आम्ही छत उघडून कुठेतरी जाऊ लागलो. गाडीत आजोबा गातात. ते बेसूर गातात, पण घरात ते कधीच गात नाहीत, म्हणून मी काही बोलत नाही.

पावसाळाभर गाडी कव्हराखाली झोपली. मग दसरा आला. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची आणि वाहनांची पूजा करतात. त्यासाठी आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, पेठ वडगावहून मुद्दाम आली. तिनं गाडीला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, ओवाळलं, आणि पिशवीतून लिंबू-मिरची काढली.

"वन्सं, ते नको," मी म्हणाले. "लिंबू उन्हात सडतं. त्याचा डाग रंगावर पडतो."

"वैनी, रंकाळ्यावर गाडी उभी केली की पोरं फोटो काढायला रांग लावत्यात. अख्ख्या कोल्हापूरची नजर हिच्यावर. दृष्ट लागंल की!"

"लागली तर काढू. पण लिंबू नको."

तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा टायरकडे बघत राहिले. "बरं बाई, तुमची गाडी, तुमचं डाग," असं म्हणत ती आत गेली. विषय संपला असं मला वाटलं.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही गगनबावड्याहून घाट उतरून कोकणात मासे खायला गेलो. उतरताना सगळं ठीक होतं. परत येताना, चढाच्या मध्यावर, गाडीनं अचानक जोर सोडला. बंद पडली नाही. इंजिन चालू होतं, आवाज मात्र दबला होता, आणि आजोबा पाय खाली दाबतील तितकी ती जास्तच मंदावत होती. मागून आलेली एसटी आमच्या शेजारून निघून गेली. तिच्यामागून दुधाचा टेम्पो आला. त्यातला माणूस खिडकीतून वाकून ओरडला, "पावणं, धक्का मारू काय? का दोरी बांधू?"

आजोबांचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. त्यांनी पाय काढून घेतला, आणि गाडी काही झालंच नाही अशा थाटात गुरगुरत पुढे निघाली. पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा पाय दाबला, तिनं पुन्हा मान टाकली. असे रडतखडत आम्ही वर पोहोचलो. घाटमाथा ते कोल्हापूर मात्र ती शहाण्या मुलीसारखी आली.

सोमवारी आजोबा तिला उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. हे मिस्त्री आमच्या घरचे जुने. त्यांचे वडील टांग्यांची चाकं करायचे, हे स्वतः जीपपासून सगळं दुरुस्त करत आले. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा येतो, दिवाळीला आपल्याकडून करंज्या जातात. माणूस मोठ्या आवाजाचा, आणि चुकला तरी आवाज तेवढाच.

"साहेब, पेट्रोल खराब हाय. डोळं झाकून सांगतो."

पेट्रोल काढून दुसरं भरलं. पुढच्या रविवारी पन्हाळ्याच्या चढावर तेच झालं.

"मग प्लग. शंकाच न्हाय."

प्लग बदलले. मग पेट्रोलचा फिल्टर, मग हवेचा फिल्टर. दर वेळी मिस्त्री जागेवर गाडीला रेस द्यायचे, गाडी वाघासारखी डरकाळी फोडायची, आणि मिस्त्री आमच्याकडे वळून म्हणायचे, "ऐकताय न्हवं? नाद खुळा!" आणि रविवारी चढावर वाघाचं मांजर व्हायचं. उलट दुखणं वाढतच होतं. आधी फक्त घाटात व्हायचं, मग साध्या उड्डाणपुलावरही होऊ लागलं.

शेवटी गाडी ट्रकवर चढवून दुसऱ्या शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपात पाठवली. तिथे तिला संगणक जोडला. कागदावर इंग्रजीत लिहून आलं, 'नो फॉल्ट फाउंड'. मी कॉलेजात पोरांना इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे. व्याकरणाच्या दृष्टीनं ते वाक्य निर्दोष होतं. उपयोग शून्य.

त्या काळात आत्याआजी वरचेवर येत होती. तिच्या गुडघ्याचे डॉक्टर इथे आहेत. आली की पहिला प्रश्न गाडीचा. "परत बसली? मी सांगत हुते की. दृष्टच हाय ही." मग संध्याकाळी ती मीठ-मोहऱ्या घेऊन एकटीच पोर्चमध्ये जायची आणि गाडीची दृष्ट काढायची. त्यानं रंगाला डाग पडत नसल्यामुळे मी हरकत घेतली नाही.

मग तुमच्या बाबांचा फोन आला. आजोबांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मी. बाबा चिडले नाहीत, ते आजोबांना हळू आवाजात म्हणाले, आणि तेच जास्त लागलं. "बाबा, घाटात तुमची गाडी अशी मंदावली आणि मागून ट्रक आला तर? मी इथून काय करू?"

आजोबांनी खिडकीतून गाडीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "बिद्रीकडचा एक तरुण कधीपासून मागतोय. रविवारी त्याला बोलावतो. तोवर बिघाड सापडला तर ठीक. नाही सापडला तर देऊन टाकतो. शब्द."

आजोबांचा शब्द म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या आठवड्यात ते रोज सकाळी स्वतः गाडी धूत होते. धुऊन झाल्यावर पुसत होते. पुसून झाल्यावर नुसतेच शेजारी उभे राहत होते. दुसरी भाकरी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा. गाणं तर बंदच. तेव्हा मला कळलं की ही गाडी त्यांच्यासाठी खेळणं नाही. तुम्ही सगळे तिकडे गेल्यापासून आमच्या आठवड्याला रविवार असा उरलाच नव्हता. सगळेच वार सारखे झाले होते. तो एक वार गाडीनं परत आणला होता.

म्हणून शुक्रवारी मी स्वतः मिस्त्रींकडे गेले.

"मिस्त्री, बिघाड नक्की कधी होतो?"

"कधीकधी हुतो की."

"'कधीकधी' हे उत्तर नाही. कधी होतो आणि कधी होत नाही, ते वेगवेगळं सांगा."

"आता ते साहेबांनाच ठावं."

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच आवाज कमी केला. "वैनी, राग मानू नका. साहेब गाडीची कड घेत्यात. विचारलं की म्हणत्यात, फार न्हाय, जराशी थांबली. पोरगीला बघायला पावणं आल्यावर बाप बोलतो न्हवं, तसं. मला खरं बोलणारं माणूस पायजे शेजारी बसाय."

गाडीत जागा दोनच. तेव्हा असं ठरलं की शनिवारी सकाळी पन्हाळ्याच्या चढावर लाल गाडी मिस्त्री चालवतील आणि शेजारी मी बसेन. आजोबा मिस्त्रींची जुनी व्हॅन घेऊन मागून येतील. आत्याआजी आमच्याकडेच उतरली होती. "मी बी येते, घरात बसून काय करू?" म्हणून ती व्हॅनमध्ये चढली.

सपाटीवर गाडी मजेत पळाली. चढ लागला. मिस्त्रींनी पाय दाबला आणि गाडीनं मान टाकली.

"बगितलंसा?" मिस्त्री ओरडले.

"पाहिलं. आता पाय काढू नका. तसाच ठेवा."

गाडी आणखी मंदावली. मागून एक मोटरसायकलवाला भोंगा वाजवत गेला.

"आता अर्धाच सोडा. अर्धाच."

मिस्त्रींनी अर्धा सोडला. पुढून कुठून तरी 'फप्' असा बारीक आवाज आला आणि गाडी जोरात पुढे निघाली.

"पुन्हा दाबा."

पुन्हा तेच. पूर्ण दाबला की मंद, अर्धा सोडला की वेगात. आम्ही चार-पाच वळणं हाच खेळ केला. मी शिकवताना मुलांना सांगायची की अवघड वाक्य आलं तर आधी क्रियापद शोधा. इथे ते सापडल्यासारखं वाटलं. जास्त मागितलं की कमी देते, कमी मागितलं की जास्त देते. हे उलटं होतं, पण 'कधीकधी' नव्हतं. दर वेळी होत होतं.

"हिची ताकद का जाते मग?" मी विचारलं.

मिस्त्रींनी मान हलवली. "ताकद न्हाय जात, वैनी. पेट्रोल कमी पडलं असतं तर हिनं झटकं दिलं असतं. ही झटकं देत न्हाय. हिचा दम कोंडतोय."

इतके दिवस घरात आम्ही सगळे 'ताकद' हा शब्द वापरत होतो. ताकद म्हटलं की खाणं आठवतं, म्हणून आम्ही तिला चांगलं पेट्रोल पाजत बसलो. दम म्हटल्यावर मला आपोआपच पुढचा प्रश्न सुचला.

"मग मिस्त्री, हिचं नाक कुठं आहे?"

"हवेचा फिल्टर तर मी नवा घातलाय."

"फिल्टर छातीत असेल. मी नाक विचारते आहे. हवा आत कुठून शिरते?"

मिस्त्रींनी वेग कमी केला. "म्होरं. खालच्या जाळीच्या मागं, नळीचं तोंड हाय." मग स्वतःशीच म्हणाले, "बॉनेट उघडलं तरी ते दिसत न्हाय वरनं."

दह्याच्या आणि मक्याच्या कणसांच्या टपऱ्या आहेत तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली. खाली रस्त्यावर पोतं टाकून आडवे झाले आणि मोबाइल धरलेला हात जाळीखालून आत घालून फोटो काढला. आम्ही दोघांनी डोकी जवळ आणून तो पाहिला. काळ्या नळीच्या तोंडाशी काहीतरी लाल लोंबत होतं.

"ही कसली चिंधी?"

मी फोटो मोठा केला. लाल खणाचं कापड, वर काळा दोरा. "मिस्त्री, चिंधी नाही. पुरचुंडी आहे." पुरचुंडी म्हणजे कापडाच्या तुकड्यात काहीतरी घालून बांधलेली गाठोडी. आणि ही एकटी नव्हती. शेजारी दुसरी होती, तिच्याहून मोठी. मागे तिसरी, सगळ्यांत मोठी.

तेवढ्यात व्हॅन येऊन थांबली. मिस्त्रींचा हात पुन्हा जाळीखाली गेलेला पाहून आत्याआजी दुखरा गुडघा विसरून खाली उतरली.

"ए मिस्त्री! हात लावू नगंस तिला! ती माझी हाय!"

मिस्त्री पडल्या पडल्या म्हणाले, "काय तुमची हाय, आक्का?"

"पुरचुंडी. मीठ, मोहऱ्या आन् सुक्या मिरच्या हायत्या. वैनी लिंबू बांधू देईनात, मग मी दसऱ्याला आतल्या बाजूनं बांधली, कुणाला दिसू ने अशी. रंगाला डाग न्हाय, काय न्हाय."

"आणि बाकीच्या दोन?" मी विचारलं.

"गाडी बसली की मला कळलं, नजर लई जबर हाय, एक पुरत न्हाय. मग वाढवून बांधली. परत बसली, परत वाढवली."

मिस्त्री उठून बसले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि मग इतक्या जोरात हसले की टपरीवाली दह्याचं मडकं धरून बाहेर आली. "आक्का, नजर न्हवं, तुमचा इलाजच गाडीच्या नाकात बसलाय! पाय दाबला की हवेच्या ओढीनं तुमची गाठोडी नळीच्या तोंडात बूच मारत्यात. पाय सोडला की खाली लोंबत्यात!"

तुम्ही शहाळं पिताना स्ट्रॉमध्ये मलई अडकते ना, तसंच. जोरात ओढलं की घट्ट बसते, ओढायचं थांबवलं की सुटते. म्हणूनच गॅरेजमध्ये जागेवर उभ्या गाडीत काही कळलं नाही. तिथे तिला एवढा मोठा श्वास घ्यावाच लागत नव्हता.

मी हसायला सुरुवात केली होती, पण आत्याआजीचा चेहरा बघून थांबले. तिचे डोळे भरले होते.

"दादा, उद्या तू गाडी देणार हुतास. माझ्यापायी."

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यापायी नाही गं. तू बंदोबस्त जरा जास्तच पक्का केलास, एवढंच. चल, बस गाडीत."

"मी?"

"मग कोण? तुझ्याशिवाय खात्री कशी व्हायची?"

मिस्त्रींनी दोरे कापले, पुरचुंड्या आत्याआजीच्या हातात दिल्या. तिला गाडीत बसवणं हे एक स्वतंत्र काम होतं. मी मागून आधार देऊन आणि मिस्त्रींनी सल्ले देऊन ते पार पाडलं. मग आजोबांनी छत उघडलं आणि पूर्ण पाय दाबला. लाल गाडी वळणावरून अशी निघाली की आम्हाला फक्त आत्याआजीचा उडता पदर दिसला आणि "दादा, हळूऽऽ! आगं आई गंऽऽ!" एवढंच मागे राहिलेलं ऐकू आलं. मिस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघा. प्लग मी चांगलंच घातलं हुतं."

ती दोघं परत आली तेव्हा आत्याआजीचे केस उभे राहिले होते आणि आजोबा गात होते.

रविवारी सकाळी बिद्रीकडचा तो तरुण आला. घरची ऊसशेती, ट्रॅक्टरची सवय, अंगानं आडवा, बोलायला गोड. त्याला मिसळ झाली, चहा झाला. आजोबांनी सरळ सांगितलं, "तुला उगाच हेलपाटा पडला. बिघाड सापडला. गाडी द्यायची नाही."

"आता ओ काका! सापडला तर चांगलंच झालं की. नीट गाडी मिळंल मला. काय हुतं?"

आत्याआजी चहाचे कप उचलत होती. तिचा हात थांबला. आजोबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हवेचा मार्ग अडला होता. मोकळा केला."

"कशानं अडला हुता?"

"रस्त्यावर काय काय असतं," आजोबा म्हणाले. "आत कसं जातं, कळत नाही."

त्या तरुणाचं तोंड उतरलं. मग आजोबांनी, मला न विचारता, किल्ली त्याच्यापुढे धरली. "रंकाळ्याला एक फेरी मारून ये. आलाच आहेस तर."

तो गेला. आजोबा फाटकाशी उभे राहिले. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला, वळला, ऐकू येईनासा झाला, तरी ते तिथेच होते. मी म्हणाले, "या आत. चोर नाही तो." ते म्हणाले, "ते नव्हे. गतिरोधक सरळ घेतला त्यानं. पोट घासलं असेल."

तो तरुण परत आला तेव्हा त्याला गाडीतून बाहेर पडायला आमच्याइतकाच वेळ लागला, हे पाहून मला बरं वाटलं. त्यानं किल्ली दोन्ही हातांनी परत दिली. "काका, मीबी दिली नसती. पन कवा मन बदललं तर पयला फोन मला."

संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. हवेचा मार्ग, तो मोकळा केला, चढावर चालवून पाहिली, हे सगळं आजोबांनी नीट सांगितलं. बाबांनी विचारलं, "नक्की? पुन्हा नाही होणार?"

आजोबांनी फोन आत्याआजीपुढे धरला. ती म्हणाली, "न्हाय व्हायचं. माझी जबाबदारी. पन मला बी दर रविवारी पाळीनं बसवायचं, असं ठरलंय."

तसं काही ठरलं नव्हतं. पण आता एका रविवारी मी जाते, आणि दुसऱ्या रविवारी ती पेठ वडगावहून सकाळच्या पहिल्या एसटीनं येते, डोक्याला रुमाल घट्ट बांधून.